जागतिक हवामान माहितीची स्थानिक केंद्रांच्या नोंदींवरून दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

काम असे ठरले आहे : एआरए5 (ERA5) या पुनर्विश्लेषणातून, म्हणजे जुन्या निरीक्षणांना हवामान मॉडेलची जोड देऊन तयार केलेल्या जागतिक मालिकांतून, कमाल तापमान, किमान तापमान आणि पाऊस या तिन्हींच्या दैनंदिन मालिका काढायच्या, जवळच्या हवामान केंद्रांच्या नोंदींशी त्या ताडून पाहायच्या, आणि जिथे पद्धतशीर फरक दिसेल तिथे दुरुस्ती बसवायची. त्यानंतर त्याच पद्धतीने सीएमआयपी6 (CMIP6) या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या संचामधील भविष्यकालीन मालिका दुरुस्त करायच्या. आधारकाळ 1991 ते 2020 हा ठेवला आहे, कारण जागतिक हवामान संघटनेच्या प्रचलित सरासऱ्या याच तीस वर्षांच्या आहेत आणि इतरांच्या कामाशी तुलना करणे त्यामुळे सोपे जाते.

एआरए5 चा ग्रिड (चौकोनांची जाळी) 0.25 अंशांचा, म्हणजे साधारण 28 किलोमीटरचा आहे आणि माहिती ताशी मिळते. या तीस वर्षांत 10,958 दिवस येतात, म्हणजे प्रत्येक घटकाचे 2,62,992 तास उतरवून घ्यावे लागतात. कोपर्निकस या युरोपीय सेवेच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की माहितीला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो वेळेचा, कारण मागणी रांगेत पडून राहते. सगळ्या वर्षांची एकच मोठी मागणी नाकारली गेली. महिन्यामागून महिना अशा लहान मागण्या आणि हव्या तेवढ्याच क्षेत्राची मर्यादा घातल्यावर काम पुढे सरकू लागले. हे काम करू पाहणाऱ्यांनी उतरवण्याची मागणी पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवावी आणि ती येईपर्यंत केंद्रांच्या नोंदी तपासायला घ्याव्यात.

9 जानेवारी

एककांची कामे आटोपली. एआरए5 मधील तापमान केल्विनमध्ये असते, त्यातून 273.15 वजा करायचे. पाऊस मीटरमध्ये असतो, त्याला 1000 ने गुणायचे. सीएमआयपी6 मधील पाऊस दर सेकंदाला दर चौरस मीटरमागे किलोग्रॅम असा दिलेला असतो, त्याला 86,400 ने गुणले की दिवसाचे मिलिमीटर मिळतात. जागतिक दैनंदिन नोंदसंग्रह जीएचसीएन मध्ये तापमान आणि पाऊस दोन्ही अंशाच्या आणि मिलिमीटरच्या दशांशांत, म्हणजे दहापट करून, लिहिलेले असतात आणि न मिळालेल्या नोंदीच्या जागी -9999 हा आकडा असतो. तो आकडा गाळण्याआधी सरासरी काढली तर सगळे गणित बिघडते, पण ते लगेच दिसते. रेखांश 0 ते 360 की -180 ते 180, आणि अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे की उलट, हे प्रत्येक फाइल उघडताना पाहावे. एआरए5 मध्ये अक्षांश उत्तरेकडून खाली येतात, त्यामुळे क्षेत्र कापताना सीमा उलट क्रमाने दिल्या तर प्रोग्रॅम चूक दाखवत नाही, रिकामी फाइल देतो.

14 जानेवारी

केंद्रांच्या नोंदी तपासणे हे या प्रकल्पातले सर्वांत मोठे काम ठरणार, हे आज स्पष्ट झाले. जागतिक माहिती दुरुस्त करताना आपण केंद्राच्या नोंदीला प्रमाण मानतो, आणि त्या नोंदीत जो दोष असेल तो दुरुस्तीच्या वाटेने साऱ्या मालिकेत, पुढच्या शतकापर्यंतच्या अंदाजांतही, जसाच्या तसा उतरतो. म्हणून इथे घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रश्न शून्याचा आहे. पाऊस झाला नाही म्हणून लिहिलेले शून्य आणि नोंद घेतलीच नाही म्हणून टंकलेखनात पडलेले शून्य यांत फरक करता आला पाहिजे. ऐन पावसाच्या हंगामात आजूबाजूच्या सर्व केंद्रांवर पाऊस असताना एखाद्या केंद्रावर अख्खा महिना शून्य दिसला, तर तो महिना गहाळ धरला. दुसरा प्रश्न साठलेल्या पावसाचा. निरीक्षक दोनतीन दिवस गैरहजर असला की त्या दिवसांची जागा रिकामी किंवा शून्य राहते आणि पुढच्या दिवशी सगळा पाऊस एकत्र लिहिला जातो. अशी नोंद अतिवृष्टीचा दिवस म्हणून वितरणाच्या टोकाला जाऊन बसते आणि टोकाची सगळी दुरुस्ती वाकवते. रिकाम्या दिवसांनंतर लगेच आलेली प्रत्येक मोठी नोंद त्यामुळे वेगळी काढली आणि शेजारच्या केंद्रांच्या त्या दिवसांच्या बेरजेशी ताडून पाहिली.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या सवयीची. काही केंद्रांवर तापमानाचे दशांश 0 आणि 5 वरच जास्त पडतात, म्हणजे वाचन अर्ध्या अंशापर्यंत गोल केले जात होते. ही नोंद टाकून देण्याची गरज नाही, मात्र अशा केंद्रावर दशांशाच्या पातळीची अचूकता सांगू नये. किमान तापमान कमालपेक्षा जास्त असलेले दिवस, सलग अनेक दिवस तोच आकडा आणि महिन्याच्या इतर मूल्यांपासून फार दूर पडलेले आकडे यांच्यासाठी प्रत्येकी एक खूण ठेवली. मूळ आकडा कुठेही पुसला नाही.

20 जानेवारी

एका केंद्राच्या किमान तापमानात मधल्याच एका वर्षापासून पायरी पडलेली दिसली. कमाल तापमानात तशी पायरी नाही, पावसातही नाही. शेजारच्या केंद्रांच्या सरासरीतून या केंद्राची मालिका वजा केली तेव्हा पायरी अगदी ठळक झाली, आणि मालिका एकसंध आहे का हे पाहणाऱ्या, अलेक्झांडरसन यांच्या 1986 च्या समांगता चाचणीनेही तेच वर्ष दाखवले. केंद्राच्या जुन्या कागदांत त्या सुमारास उपकरणांची पेटी हलवल्याची नोंद सापडली. नवी जागा इमारतींच्या जवळची असली की रात्री उष्णता धरून ठेवणाऱ्या भिंती आणि फरशी किमान तापमान वर उचलतात. दिवसा वारा आणि हवेची घुसळण जास्त असल्याने कमाल तापमानावर परिणाम कमी होतो. निव्वळ चाचणीवर विसंबून मी पायरी काढली नसती, कारण चाचण्या खऱ्या हवामानबदलालाही कधी कधी पायरी समजतात. कागद आणि चाचणी दोन्ही जुळल्यामुळे जुना भाग नव्या जागेच्या पातळीवर आणला.

पावसासाठी दुहेरी संचयी आलेख वापरला : एका अक्षावर शेजारच्या केंद्रांचा वर्षानुवर्षे साठत जाणारा पाऊस, दुसऱ्या अक्षावर या केंद्राचा. रेषा सरळ राहिली तर ठीक. एका केंद्राची रेषा एका ठिकाणी वाकलेली आहे. पर्जन्यमापकाजवळ झाड वाढले किंवा बांधकाम झाले तर असे होऊ शकते, पण कागदांत काही सापडले नाही, म्हणून वाकण्याआधीची वर्षे आधारकाळातून वगळली.

ही तपासणी करताना संदर्भ म्हणून एआरए5 वापरण्याचा मोह होतो, कारण त्यात एकही दिवस रिकामा नसतो. ते टाळले. ज्या मालिकेला केंद्रावरून दुरुस्त करायचे आहे, तिच्यावरूनच केंद्र दुरुस्त करणे हे वर्तुळात फिरणे आहे.

27 जानेवारी

पावसाची पहिली तुलना फसली. मासिक बेरजा बऱ्यापैकी जुळत होत्या, पण दिवसागणिक सहसंबंध इतका कमी आला की एआरए5 ला त्या क्षेत्रातला पाऊस कळतच नाही असे वाटावे. एक मालिका एका दिवसाने सरकवताच सहसंबंध लक्षणीय वाढला, आणि तिथे दोष कुठे आहे ते कळले.

केंद्रावरचा ‘दिवस’ मध्यरात्री सुरू होत नाही. भारतात पाऊस सकाळी साडेआठला, म्हणजे 03 युटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) मोजतात. ब्रिटनमध्ये 09 युटीसीला. त्या सकाळी मोजलेला पाऊस मागच्या चोवीस तासांचा असतो, आणि तो कोणत्या तारखेखाली लिहायचा याची पद्धत संग्रहागणिक वेगळी असते. काही संग्रह मोजणीची तारीख देतात, काही आदल्या दिवसाची. याउलट एआरए5 मधून दैनंदिन बेरीज सरळ काढली तर ती 00 ते 24 युटीसीची येते. दोन्हीकडे ‘दिवस’ हाच शब्द असला तरी खिडक्या वेगळ्या आहेत.

दुरुस्ती अशी केली. एआरए5 मध्ये प्रत्येक वेळेपुढचा पाऊस हा त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो. म्हणून 03 युटीसीला मोजणाऱ्या केंद्रासाठी आदल्या दिवसाच्या 04 पासून मोजणीच्या दिवसाच्या 03 पर्यंतचे चोवीस आकडे बेरजेत घ्यायचे. खिडकी 03 पासून 02 पर्यंत घेतली तर एका तासाची चूक राहते, आणि पहाटेच्या जोरदार सरी असलेल्या ठिकाणी ती चूक लहान नसते.

एआरए5-लँड वापरणाऱ्यांसाठी इथे वेगळा खड्डा आहे. त्याचा ग्रिड 0.1 अंशांचा असल्याने तो अधिक आकर्षक वाटतो, पण त्यातला पाऊस 00 युटीसीपासून साठत जातो आणि दिवसाची पूर्ण बेरीज दुसऱ्या दिवसाच्या 00 युटीसीच्या आकड्यात असते. चोवीस तासांचे आकडे बेरजेत घेतले तर पाऊस अनेक पटींनी फुगतो. 03 ते 03 या दिवसासाठी मोजणीच्या दिवसाचा 00 चा आकडा घ्यायचा, त्यातून आदल्या दिवसाचा 03 चा आकडा वजा करायचा आणि मोजणीच्या दिवसाचा 03 चा आकडा मिळवायचा. वजाबाकीत कधी कधी शून्याच्या किंचित खालचे आकडे येतात. ते शून्य करावेत.

तापमानालाही हाच नियम लागतो. सकाळी वाचलेले कमाल तापमान बहुधा आदल्या दुपारचे असते, किमान मात्र त्याच पहाटेचे. दोन्ही एकाच तारखेखाली लिहिलेली असल्यास कमाल मालिका एक दिवस मागे सरकवावी लागते.

3 फेब्रुवारी

उंचीचा फरक. एआरए5 मधील भूपृष्ठाचे जिओपोटेन्शियल (उंचीमुळे असलेल्या गुरुत्वीय ऊर्जेचे माप) 9.80665 ने भागले की त्या ग्रिडचौकोनाची सरासरी उंची मीटरमध्ये मिळते. डोंगराळ भागात ही उंची आणि केंद्राची उंची यांत शेकडो मीटरांचे अंतर असू शकते. प्रमाण वातावरणात दर किलोमीटरला 6.5 अंश हा घसरणीचा दर धरतात, त्यानुसार चौकोन केंद्राहून 400 मीटर उंच असेल तर तो 2.6 अंशांनी थंड दिसणार. यात मॉडेलचा काही दोष नाही, ते दुसऱ्याच उंचीचे तापमान सांगत असते. हा भाग सांख्यिकी दुरुस्तीच्या आधीच वेगळा काढला, म्हणजे पुढे उरणारा फरक कशाचा आहे याचा विचार करता येतो.

कमाल तापमानावर 6.5 चा दर ठीक चालला. किमान तापमानावर तो उलट पडला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जड थंड हवा उतारावरून ओघळून दरीत साठते आणि दरीतले केंद्र वरच्या उतारापेक्षा थंड होते. अशा रात्री खालच्या केंद्रासाठी तापमान वाढवणे म्हणजे चूक वाढवणे. सर्व महिन्यांना एकच दर लावण्याचे सोडून दिले. जवळजवळच्या पण वेगवेगळ्या उंचीच्या केंद्रांच्या जोड्यांवरून प्रत्येक महिन्याचा, कमाल आणि किमान तापमानाचा वेगळा दर काढला. हिवाळ्यातल्या किमान तापमानाचा दर काही जोड्यांत शून्याच्या जवळ, तर काहींत उलट चिन्हाचा आला, आणि तोच बरोबर आहे.

किनाऱ्यावरच्या केंद्राचा प्रश्न वेगळा निघाला. जवळच्या चौकोनाचा बराचसा भाग समुद्र असल्याने कमाल आणि किमान यांतले अंतर दबलेले होते. चार शेजारच्या चौकोनांतून अंतर्वेशन केल्याने (मधले मूल्य काढल्याने) ते सुधारले नाही, कारण त्यांतही समुद्र मिसळला होता. जमीन-समुद्र मुखवटा (चौकोनात जमीन किती हे सांगणारी फाइल) पाहून ज्याचा निम्म्याहून अधिक भाग जमीन आहे असा लगतचा चौकोन घेतला. तो केंद्रापासून थोडा दूर आहे, तरी दिवसरात्रीचा चढउतार त्यात खरा आहे.

11 फेब्रुवारी

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. सुरुवात सर्वांत साध्या रीतीने केली : तापमानात महिन्यागणिक सरासरीचा फरक मिळवायचा, पावसाला महिन्यागणिक गुणकाने गुणायचे. तापमानाला ही रीत बऱ्याच ठिकाणी पुरते, आणि जिथे ती पुरते तिथे अधिक गुंतागुंतीची रीत वापरू नये असे मला वाटते. पावसाला ती पुरत नाही. कोरड्या महिन्यांत भाजक शून्याजवळ जातो आणि गुणक अवास्तव वाढतो. शिवाय मॉडेलमध्ये पाऊस फार दिवस थोडा थोडा पडतो. ग्रिडचौकोन हा शेकडो चौरस किलोमीटरांची सरासरी असल्याने त्यात कुठेतरी पडलेली सर सगळ्या चौकोनावर भुरभुर होऊन पसरते. मासिक बेरीज गुणकाने जुळवली तरी ओल्या दिवसांची संख्या जास्तच राहते आणि मोठ्या पावसाचे दिवस दबलेलेच राहतात. ज्याला पूर किंवा पावसातला खंड अभ्यासायचा आहे त्याच्यासाठी अशी मालिका निरुपयोगी आहे.

18 फेब्रुवारी

पावसासाठी क्वांटाइल मॅपिंग लावले. कल्पना अशी की मॉडेलच्या वितरणात ज्या क्रमस्थानी (क्वांटाइल) एखादे मूल्य येते, त्याच क्रमस्थानावरचे केंद्राचे मूल्य त्याच्या जागी ठेवायचे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी ओल्या दिवसांची वारंवारता जुळवायची, मग फक्त ओल्या दिवसांचे मॅपिंग करायचे. केंद्रावर 1 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचे दिवस जितके टक्के आहेत, तितकेच टक्के मॉडेलमध्ये उरतील असा उंबरठा शोधला आणि त्याखालचा पाऊस शून्य केला. उलट प्रश्न, म्हणजे मॉडेलमध्येच कोरडे दिवस जास्त असणे, एका कोरड्या हंगामात आला. तिथे उंबरठ्याने काही साधत नाही. ते महिने खूण करून सोडले.

महिन्यागणिक दुरुस्ती केल्यास महिन्याच्या शेवटच्या आणि पुढच्या पहिल्या दिवसांत उडी पडते, विशेषतः पावसाळा सुरू होताना. म्हणून वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी त्याच्या आजूबाजूचे 31 दिवस घेतले, म्हणजे तीस वर्षांची मिळून 930 मूल्ये. आकडा मोठा वाटतो, पण कोरड्या ऋतूत त्यातले ओले दिवस मूठभर असतात आणि त्यावरून शंभर क्वांटाइल काढणे म्हणजे योगायोगाला नियम मानणे. तिथे क्वांटाइल कमी केले आणि खिडकी रुंद केली.

सगळ्यात वादाचे ठिकाण म्हणजे टोक. गॅमा वितरण हा ठरीव गणिती वक्र बसवला तेव्हा मधला भाग सुरेख जुळला, पण टोकाला केंद्रावर कधीच न पडलेला पाऊस दिसू लागला. अनुभवजन्य, म्हणजे थेट नोंदींवरून काढलेले, क्वांटाइल वापरले तर आधारकाळातल्या कमालपेक्षा मोठ्या मूल्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. शेवटच्या क्वांटाइलचीच दुरुस्ती त्याच्या पलीकडेही कायम ठेवली. ही सोय आहे, ज्ञान नव्हे. अशा प्रत्येक दिवसावर वेगळी खूण केली आहे.

24 फेब्रुवारी

कमाल आणि किमान तापमान स्वतंत्रपणे दुरुस्त केल्याने ढगाळ दिवसांत काही ठिकाणी किमान कमालच्या वर गेले. दोन्हींची अदलाबदल करण्याचा उपाय सुचवला जातो, तो केला नाही. त्याऐवजी दोन्हींची सरासरी आणि त्यांतले अंतर या दोन मालिका दुरुस्त केल्या आणि त्यांवरून कमाल-किमान पुन्हा काढले. अंतराची दुरुस्ती गुणकाने केली की ते ऋण होऊ शकत नाही.

4 मार्च

पडताळणी. ज्या वर्षांवरून दुरुस्ती शिकली त्याच वर्षांवर तपासली तर क्वांटाइल मॅपिंग नेहमीच निर्दोष दिसते. त्याची रचनाच तशी आहे. तीस वर्षांचे सलग भाग पाडले आणि दर वेळी एक भाग बाजूला ठेवून उरलेल्यांवर दुरुस्ती शिकवली. मधूनमधून सुटे दिवस बाजूला ठेवू नयेत, कारण लगतचे दिवस एकमेकांसारखे असतात आणि परीक्षा सोपी होते.

बाजूला ठेवलेल्या वर्षांत पावसाच्या दिवसागणिक चुकीत फारशी सुधारणा नाही, काही केंद्रांवर ती वाढलीच आहे. यावरून पद्धत फसली असे समजू नये. क्वांटाइल मॅपिंग वितरण सुधारते. मॉडेलने मंगळवारी पाडलेला पाऊस सोमवारी आणणे त्याला जमत नाही, आणि चुकीच्या दिवशी पडलेला मोठा पाऊस आणखी मोठा झाला की दिवसागणिक चूक वाढणारच. म्हणून पडताळणीत ओल्या दिवसांची संख्या, सलग कोरड्या दिवसांची लांबी आणि वरचे क्वांटाइल पाहिले. ओल्या दिवसांची संख्या सुधारली, वरचे क्वांटाइल बहुतेक केंद्रांवर सुधारले, कोरड्या खंडांची लांबी मात्र थोडीच सुधारली, कारण दिवसांचा क्रम मॉडेलचाच राहतो.

आणखी एक सावधगिरी : एआरए5 मध्ये अनेक केंद्रांच्या दोन मीटरवरील तापमानाच्या नोंदी आधीच मिसळलेल्या असतात. अशा केंद्रावर तापमान चांगले जुळले याचा अर्थ शेजारच्या नोंद नसलेल्या गावातही ते जुळेल असा नाही. त्यासाठी एकेक केंद्र पूर्ण वगळून, इतर केंद्रांवरून काढलेली दुरुस्ती त्यावर तपासली. या परीक्षेतले निकाल कमी चांगले आहेत आणि तेच सांगण्याजोगे आहेत.

17 मार्च

सीएमआयपी6 ची मॉडेले. पहिली अडचण पंचांगाची : काही मॉडेलांत लीप वर्ष नसते, तर ब्रिटिश हॅडली केंद्राच्या मॉडेलांत प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचे असते. साध्या तारखांत रूपांतर केल्यास 30 फेब्रुवारी कुठे जातो हे पाहून घ्यावे. एक्सअ‍ॅरे (xarray) या पायथन साधनातील पंचांग बदलण्याची सोय वापरली. 360 दिवसांच्या मालिकेत जे दिवस नव्याने निर्माण होतात ते पावसासाठी भरले नाहीत, रिकामे ठेवले.

ही मॉडेले मुक्तपणे चालतात. त्यांतल्या 1998 च्या एखाद्या दिवसाचा प्रत्यक्षातल्या त्या दिवसाशी संबंध नसतो. त्यामुळे दिवसागणिक तुलना इथे निरर्थक आहे, तीस वर्षांच्या वितरणांचीच तुलना करायची. साधे क्वांटाइल मॅपिंग भविष्यावर लावले तेव्हा दुरुस्त मालिकेतली तापमानवाढ मूळ मॉडेलपेक्षा वेगळी आली. दुरुस्तीने मॉडेलचा कल बदलणे समर्थनीय नाही, म्हणून प्रत्येक क्वांटाइलमधला मॉडेलने सांगितलेला बदल जपणारी क्वांटाइल डेल्टा मॅपिंग ही रीत घेतली : तापमानाला बदल बेरजेने, पावसाला गुणोत्तराने.

दुसरा प्रश्न सुटलेला नाही. या मॉडेलांचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटर किंवा त्याहून मोठा असतो आणि त्यात आमची अनेक केंद्रे एकत्र येतात. एकाच चौकोनाची मालिका प्रत्येक केंद्रावर ताणली की त्या सर्व केंद्रांवर एकाच दिवशी मोठा पाऊस पडतो, जे प्रत्यक्षात क्वचितच घडते. एका केंद्रापुरते काम असेल तर चालते. खोऱ्याचा एकूण पाऊस किंवा पूर काढायचा असेल तर ही मालिका वापरू नये, असे फाइलच्या वर्णनातच लिहिले आहे.

26 मार्च

पर्जन्यमापकाबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो. वाऱ्यामुळे मापकाच्या तोंडावर भोवरा तयार होतो आणि काही थेंब बाहेर उडून जातात, त्यामुळे मापक खऱ्या पावसापेक्षा कमी दाखवते. बर्फासाठी ही तूट बरीच मोठी असते. आपण मॉडेलला मापकाच्या पातळीवर आणतो, म्हणजे ही तूटही आणतो. वाऱ्याच्या नोंदी पुरेशा केंद्रांवर नसल्याने ती भरून काढली नाही. पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

2 एप्रिल

अंतिम फाइलमध्ये प्रत्येक दिवसासमोर मूळ मूल्य, उंचीची दुरुस्ती, सांख्यिकी दुरुस्ती आणि खुणा असे वेगळे रकाने ठेवले आहेत, म्हणजे ज्याला एखादी पायरी पटत नसेल तो ती काढून टाकू शकेल. एआरए5 चे ताजे महिने आधी तात्पुरत्या रूपात येतात आणि दोनतीन महिन्यांनी अंतिम होतात. तात्पुरते महिने वेगळ्या फाइलीत आहेत आणि अंतिम आवृत्ती आल्यावर बदलले जातील. दुरुस्तीचे गुणक मात्र 1991 ते 2020 वरच गोठवले आहेत. नवी वर्षे मिसळून ते दरवर्षी पुन्हा काढले तर मागच्या वर्षी दिलेली मालिका आणि या वर्षीची मालिका एकाच दिवसासाठी वेगळे आकडे सांगू लागतील. वाकलेल्या आलेखाच्या केंद्राचे जुने नकाशे मागवले आहेत. ते आल्यावर वगळलेली वर्षे परत घ्यायची की नाही ते ठरेल.